कंसात गोंधळ लिहा

माझी सून सभागृहात बसते म्हटलं की बायका आधी भुवया वर करतात. मग मी सांगते, अगं, निवडून नाही आली, बोललेलं लिहून घ्यायला बसते. मधोमध एक टेबल असतं, चारी बाजूंनी मोठी माणसं भांडत असतात आणि ही मान खाली घालून लघुलिपीत सगळं टिपत असते. दहा मिनिटांची पाळी. ती संपली की दुसरी येऊन बसते, ही उठते, आतल्या खोलीत जाऊन टिपलेलं टाइप करते आणि पुन्हा पाळीला हजर; तपासून सही करायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. नाक शिंकरायला उसंत नाही.

मी चौथी शिकले. तिच्या वहीतलं मला काही कळत नाही, मुंग्यांनी शाईत पाय बुडवून पानावर फेऱ्या मारल्यासारखं दिसतं. पण तिचा हात बसला तो माझ्या तोंडावर, हे मी अभिमानानं सांगते. नवीन आली तेव्हा तिला परीक्षा द्यायची होती, मिनिटाला एकशेवीस शब्दांची. एवढ्या वेगानं वाचून दाखवणार कोण? मग मी बहिणीशी फोनवर बोलायला लागले की ही वही घेऊन समोर बसायची. "आई, तुम्ही दीडशेच्या खाली येतच नाही," म्हणायची. मी फुशारून जायचे.

एकदा बोलण्याच्या भरात बहिणीला म्हणून गेले, "सून कसली गं, नुसते कागद काळे करते. भाजीत मीठ घालायची शुद्ध नाही." समोर ही बसलेली! मान वर केली नाही, पेन्सिल थांबवली नाही. फोन ठेवल्यावर माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, "तेवढं खोड गं बाई."

"नाही खोडत, आई. एकदा खोडलं की हाताला सवय लागेल." मग गालात हसून म्हणाली, "मीठ मात्र उद्यापासून दोनदा घालते."

घातलंन खरंच. आठ दिवस आम्ही पाणी पीत होतो.

तर मध्यंतरी सभागृहात कंपन्यांच्या कराचा वाद आला. कंपन्यांनी नफ्यावर भरायचा कर कमी करायचा की नाही, या ठरावावर तीन दिवस नुसतं रणकंदन. आमच्या घरातही तेच. मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मशीनवर आहे. मालकानं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, कर उतरला तर दुसरं मशीन येईल, नाही उतरला तर आहेत त्यातली माणसं कमी होतील.

"उतरायलाच हवा," मुलगा म्हणायचा.

"अरे, पण मालकाचा कर उतरला म्हणून तो तुला आत बोलावून चहा पाजणार आहे का?"

"आई, तुला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच विचारतेय. कळत असतं तर गप्प बसले असते."

सुनेला विचारलं तर म्हणे, त्या टेबलाशी बसणाऱ्याला मत नसतं. घरी तरी? "घरी तुम्हा दोघांना पुरून उरेल एवढं आहे," म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. पाणी दिलं तर पेला हातात तसाच. तिच्या पाळीत अर्थमंत्री बोलत होते. समोरच्यांनी डिवचलं, आरडाओरडा सुरू झाला, माइक बंद केले गेले. त्या गलक्यात मंत्री चिडून म्हणाले, "सवलत घेऊन जी कंपनी माणसं कमी करेल, तिची सवलत मी स्वतः काढून घेईन!" मंत्र्यांपासून हिचं टेबल चार हातांवर. हिनं स्पष्ट ऐकलं आणि टिपलं. टेपवर मात्र नुसती ओरड.

मग मंत्र्यांचे सचिव तिच्या खोलीत आले. गोड माणूस, खुर्ची ओढून बसले म्हणे. ते वाक्य साहेबांना जड जाणार होतं, उद्या कोणीही पान उघडून दाखवलं असतं.

"बोललेलं बदलता येत नाही, साहेब," ही म्हणाली.

"खोटं लिहायला कोण सांगतंय? काही ऐकू आलं नाही की तुम्ही कंसात गोंधळ लिहिता ना? मग गोंधळ होताच की. तेवढा एक शब्द लिहा." उठताना दारात थांबून म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाइल याच महिन्यात आहे, नाही का?"

तीन वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या हुकुमावर काम करतेय. दर वेळी हुकूम संपत आला की आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

"अगं, लिही ना मग गोंधळ," मुलगा म्हणाला. "होता ना?"

"होता. पण मला ऐकू आलं होतं, अहो."

"तुला एकटीलाच! वाक्य पानावर राहिलं तर ते ठराव मागे घेतील, मशीन जाईल, तुझी नोकरी जाईल, आणि ते एक वाक्य घेऊन आपण काय करायचं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. आता खरं सांगते. मीही म्हणाले, "पोरी, एका शब्दाचा तर प्रश्न आहे." तिचं जेवण ताटातच राहिलं. सकाळी अकराच्या आत पान सही करून द्यायचं होतं, ती आठलाच निघून गेली.

त्या दिवशी मी घड्याळाचा काटा जेवढा पाहिला तेवढा मुलाच्या जन्माच्या वेळीही पाहिला नव्हता. मुलाचे कारखान्यातून तीन फोन. "आली का? काय केलंन?" दूध उतू गेलं. फोन वाजला की धावत जायचे, उचलला की हाच.

सहाला आली. मी दारातच. विचारायचा धीर होईना.

"लिहिलं, आई. कंसात गोंधळ लिहिलं."

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं.

"वाक्य आधी," ती म्हणाली. "मग त्याच्यापुढे कंसात गोंधळ. झालं होतं त्याच क्रमानं."

मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

ठराव मंजूर झाला. कर उतरला. मशीन अजून आलेलं नाही. मालकानं परवा कोण किती वर्षं कामावर आहे याची यादी मागवली, ती कशासाठी हे विचारायची कोणाची छाती होत नाही. सुनेला कायम केलं नाही, आणखी सहा महिन्यांचा हुकूम आला, तोही दोन दिवस उशिरा. ते दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. वाक्य मात्र पानावर आहे. मुलानं त्या पानाची प्रत मागून घेतलीय, डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवतो.

काल बहिणीचा फोन आला. सगळं सांगितलं तिला, मीच "एका शब्दाचा तर प्रश्न आहे" म्हणाले होते तेसुद्धा. सून समोर वही घेऊन बसली होती, सहा महिन्यांनी पुन्हा वेगाची चाचणी आहे म्हणून. पेन्सिल चालू होती.

मी खोड म्हटलं नाही.