तणाचं वकीलपत्र

जगातलं प्रत्येक भांडण शेवटी तणापाशी येऊन थांबतं असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि देवाने तो नेमका माझा साडू करून ठेवला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला पावणं म्हणतात. कुरुंदवाडच्या अलीकडे त्यांची शेती आहे. थोडा ऊस, थोडं सोयाबीन, थोडा भुईमूग आणि बाकी सगळं तत्त्वज्ञान. जगाशी त्यांचं दोनच गोष्टींवरून वाकडं आहे. एक तणनाशक आणि दुसरं जनुक बदललेलं बियाणं. पण या दोन गोष्टी त्यांना आयुष्यभर पुरल्या आहेत. तुम्ही क्रिकेटचा विषय काढा, दाजी मैदानावरच्या गवतावर येतात. निवडणुकीचा काढा, दाजी हरळीवर येतात. चुलत मेव्हणीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा सगळ्यांनी शिक्षण, पगार, घरदार विचारून झाल्यावर दाजींनी एकच प्रश्न टाकला, "तुमच्या बांधावर गवात हाय काय?" पोराला वाटलं, शेतीच्या टापटिपीची परीक्षा चालली आहे. तो अभिमानाने म्हणाला, "न्हाई जी, औषध मारून सगळं जाळलंय." अक्काने चहाच्या निमित्ताने दाजींना आत ओढून नेलं म्हणून ते लग्न झालं, नाहीतर मेव्हणी अजून घरातच असती.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, दाजी पाला ठेवतात. घोळ, पाथरी, तांदुळजा, जे त्या दिवशी बांधावर भेटेल ते. समोर माणूस आला की नमस्काराच्या आधी खिशातून एक पान निघतं. "खावा. काय हाय सांगा." आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत माझ्याही तोंडात त्यांनी असं एक पान कोंबलं होतं. आंबटसर, गुळगुळीत काहीतरी लागलं. मी कोल्हापुरात वाढलेला, मंडईपलीकडे भाजीची ओळख नाही. घाबरून म्हणालो, "मेथी." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, या घरात मुलगी देऊन फसलो, असं माझ्या सासऱ्यांऐवजी त्यांनाच वाटलं असावं. पुढे कित्येक वर्षं ते माझी ओळख अशीच करून देत. "हे आमचे साडू. लई शिकल्याले हायत. फकस्त घोळीला मेथी म्हणत्यात." आणि मग घोळीवर व्याख्यान. ती कुठे उगवते, कशात शिजवायची, कुणी खावी, आणि औषधाच्या एका फवाऱ्यात ती कशी जाते. हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते थांबलं तर मला आपल्या घड्याळाची टिकटिक बंद पडल्यासारखं वाटेल.

एकदा आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांवर गर्दी, चांगभलंचा गजर, गुलाल उडतोय, आणि दाजी मध्येच गायब. बघतो तर एका पायरीच्या कोपऱ्यात ओणवे होऊन, फटीत उगवलेल्या कसल्याशा रोपट्याकडे डोळे लावून बसलेले. मागून येणाऱ्या भाविकांना वाटलं, इथे काहीतरी जागृत स्थान आहे. एकाने हात जोडले, दुसऱ्याने गुलाल वाहिला, एका आजींनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि बघता बघता रांग लागली. दाजी उठले तोवर ते तण लालभडक झालं होतं. खाली उतरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. "बघितलासा पावणं? मान दिला की तण ऱ्हात न्हाई. देव हुतंय."

पण दाजींचं खरं देवस्थान म्हणजे गावातलं खतं-औषधांचं दुकान. ज्या मालाला ते दिवसभर शिव्या देतात, तो माल विकणारा अण्णा हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. रोज सकाळी डेअरीला दूध घालून झालं की दाजी त्या दुकानाच्या बाकावर येऊन बसत आणि अण्णाचाच चहा पिऊन अण्णाच्याच मालाविरुद्ध बोलत. नवं गिऱ्हाईक त्यांना दुकानातला माणूस समजे. ते बाटलीकडे बोट दाखवून विचारी, "हे कसं हाय?" दाजी ताडकन उठत. "हे? लई जहाल! नाव घेऊ नगासा. लव्हाळासुदिक मुळापास्नं जातुया. म्हैनाभर त्या जाग्याला हिरवं दिसायचं न्हाई!" गिऱ्हाईकाचे डोळे चमकत. "असं हाय व्हय? मग दोन द्या." अण्णा म्हणे, असा विक्रेता पगार देऊनही मिळायचा नाही. दाजी चिडले की तो त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगे.

जनुक बदललेल्या बियाण्यावर तर या दोघांची रोज कुस्ती. दाजींच्या मते हा सगळा सोयरिकीचा मामला होता. "कापसात म्हणं जिवाणूचा गुण घातलाय. कुठलं घर, कुठलं घराणं, कोण मध्यस्थ? हितं पोरगी द्यायची तर आमी सात पिढ्या बगतो!" अण्णा तराजू पुसत म्हणे, "तुझ्या आज्यानं संकरित जोंधळ्यालाबी अशाच शिव्या घातलत्या. त्योच खाऊन तू एवढा ढोल्या झालास. आणि कापसावरली आळी मेली, फवारण्या कमी झाल्या, ते सांग की." "फुडं काय झालं त्ये तू सांग की! आळीबी शाणी झाली." मग तणनाशक सोसणाऱ्या पिकांचा विषय निघे. भोवतालचं सगळं मरतं आणि एकटं पीक तेवढं टिकतं, हे ऐकून दाजी हळहळत. "सगळी शेजारीपाजारी मेल्यावर त्या पिकाला एकट्याला करमंल काय रं?" "पिकाला करमायचं काय काम? त्येला काय पिच्चर बघायचाय?" बाक हसून हलत असे. पण अण्णाचा एक मुद्दा असा होता की त्यावर दाजी नेहमी चहाचा घोट लांबवत. "भांगलायला बायका मिळत न्हाईत. मिळाल्या तर एका रानाला हो म्हणून दुसऱ्या रानात जात्यात. तण काय तुझ्या भाषणानं मरणार हाय?"

आता भांगलण म्हणजे खुरप्याने तण काढणं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण भांगलतं कोण हे कुणी बोलत नाही. गडीमाणूस नांगरतो, पाणी पाजतो, पंप पाठीला लावून फवारतो, पण खुरपं घेऊन उकिडवा बसत नाही. ते बायकांचं. दाजींच्या रानात औषधाचा थेंब पडला नव्हता याचं सगळं श्रेय दाजींना मिळायचं. ते तण कोण काढतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. अक्का सकाळी भाकऱ्या थापून भांगलणाऱ्या बायकांच्या टोळीच्या आधी रानात जायची आणि टोळीनंतर यायची. मीही त्या रानातल्या भाज्या पिशव्या भरभरून आणल्या, मिटक्या मारत खाल्ल्या आणि दाजींची पाठ थोपटली.

गेल्या पावसाळ्यात अक्काचे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद, नाहीतर पुढच्या वर्षी चालणंही बंद. इकडे सोयाबीनमध्ये तण वर आलेलं, टोळीतल्या निम्म्या बायका दुसरीकडे अडकलेल्या, आणि दाजी बाकावर बसून अळीच्या शहाणपणावर बोलत होते. मी त्या दिवशी बायकोला अक्काकडे सोडायला गेलो होतो आणि दाजींबरोबर बाकावर बसलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. छत्रीची काठी करून अक्का हळूहळू दुकानाची पायरी चढली. ती कधी त्या दुकानात आली नव्हती. बाकावरची माणसं सावरून बसली. ती दाजींकडे न बघता अण्णाला म्हणाली, "सोयाबीनमधल्या तणाचं औषध द्या."

दाजींच्या हातातली बशी तशीच राहिली. "अगं, काय बोलतीस?"

"भाषण तुमचं हाय, कंबर माझी हाय," अक्का म्हणाली. आवाजही चढवला नाही तिने. "लगीन झाल्यापास्नं ऐकत आले. आता गुडगं ऐकंनात. द्या ओ अण्णा."

ज्या माणसाला एक तरी बाटली विकायची म्हणून अण्णाने उभं आयुष्य घालवलं होतं, त्याच्याच घरचं माणूस पैसे हातात घेऊन समोर उभं होतं. अण्णाने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या मागे फळीवर बाटल्यांची भिंत उभी होती. तो म्हणाला, "वैनी, संपलंय बघा. बाजारच्या दिवशी या."

दुकानात कुणी हसलं नाही. दाजी उठले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "बाजारपातूर रान मी भांगलतो." मग मात्र जे हसू फुटलं, ते रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत गेलं. अर्धी दाढी झालेला एक माणूस बघायला बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. असा सोहळा कोल्हापुरात, कळंब्याच्या फ्लॅटमध्ये बसून कसा चुकवायचा? टोळीतल्या चारपाच बायका रांगेत बसल्या होत्या, प्रत्येकीने आपापली पात, म्हणजे पिकाची ओळ, धरली होती, आणि कडेच्या पातीला दाजी. अक्का बांधावर पालथ्या बादलीवर बसून देखरेख करत होती. दाजींनी पहिलं तण उपटलं, ते पाथरी निघाली. ती त्यांनी प्रेमाने बाजूला ठेवली. दुसरा तांदुळजा. तोही बाजूला. तिसऱ्या तणापाशी त्यांनी बायकांना त्याचे औषधी गुण सांगायला सुरुवात केली, पण बायका केव्हाच पुढे गेल्या होत्या. "दाजी, तण काडा, आरती करू नगासा!" एक म्हातारी ओरडली. दुसरी म्हणाली, "त्येनला ववाळणी घाला गं कुणीतरी!" घाईला येऊन दाजींनी सपासप खुरपं चालवलं, तर बांधावरून अक्का किंचाळली, "आवं, सोयाबीन चाललंय! ते पीक हाय, पीक!" तेवढ्यात स्कूटर थांबली आणि इस्त्रीच्या पँटीतला अण्णा उतरला. "आज दुकान बंद. माझ्या मालाची एवढी झ्याक जाहिरात चाललीया, म्हणून बघाय आलो," म्हणत तो दाजींच्या शेजारच्या पातीला बसला. दोघे वाद घालत घालत भांगलू लागले आणि वाद रंगला की दोघांची खुरपी थांबू लागली. मलाही कुणीतरी एक खुरपं दिलं. मी काय काय उपटलं ते इथे सांगत नाही.

टोळीची एक रीत आहे. जिची पात आधी संपते ती मागे पडलेलीच्या पातीला पलीकडच्या टोकाने लागते, आणि दोघी मध्यात भेटतात. त्या बायका दाजींच्या पातीलाही तशाच लागल्या. पलीकडच्या टोकापासून त्यांनी जवळजवळ सगळी पात काढली, आणि दाजींची झाली ती म्हशीने अंग टाकावं एवढीच. जेवणाच्या सुट्टीत दाजींना उठता येईना. दोन बायकांनी काखेत धरून त्यांना उभं केलं आणि बांधावर अक्काजवळ नेऊन बसवलं. मला वाटलं, आता तणावरचं सगळ्यात मोठं भाषण ऐकायला मिळणार. दाजी कितीतरी वेळ गुडघे चोळत बसले. मग अक्काला म्हणाले, "रोज इतकं दुकतं व्हय गं?"

"रोज न्हाई," अक्का भाकरी मोडत म्हणाली. "पावसुळ्यात तेवढं."

दाजींनी उचललेला घास परत भाकरीवर ठेवला. ते खाली मातीकडे बघत अण्णाला म्हणाले, "उद्या बाटली घिऊन ये. नदीकडच्या समद्या रानाला पुरंल एवढी. हिरीकडचा पट्टा तेवढा सोड, त्यो मी भांगलणार." अण्णाने खुरपं मातीत रोवलं. जिंकलेला माणूस इतका पडलेला मी कधी पाहिला नाही. "माझं मत तेच हाय बघ," दाजी पुढे म्हणाले. "औषीद वंगाळच. पर हिच्या गुडघ्यावर उभं ऱ्हाऊन मला ते सांगायचं न्हाई."

दाजी आजही त्या बाकावर बसतात. गिऱ्हाईकाने बाटली दाखवून विचारलं की पूर्वीसारखे ताडकन उठत नाहीत. "तुमच्यात भांगलतं कोण?" एवढंच विचारतात, आणि उत्तर ऐकून गप्प बसतात. अण्णाला ते गप्प बसणं सोसत नाही. तो स्वतःच बियाण्याचा विषय काढतो, दाजींच्या आज्याला शिव्या घालून बघतो, पण कुस्ती पूर्वीसारखी रंगत नाही.

परवा दाजी आणि अक्का आमच्याकडे आली होती. पिशवीत भाजी होती, पण थोडी, एका पट्ट्यातली असते तेवढीच. दाजींनी खिशात हात घातला तेव्हा मी सवयीने तोंड उघडायच्या बेतात होतो, पण निघाली ती अक्काच्या गुडघ्यांच्या गोळ्यांची पट्टी. तिला चिकटून घोळीचं एक चुरगळलेलं पान आलं. ते त्यांनी मला दिलं. मी खाल्लं. घोळ आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी हा माणूस पुन्हा एकदा सुरू व्हावा म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "मेथी!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, थोडंसं हसले आणि म्हणाले, "व्हय. मेथीच."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात खुर्चीवरून अक्का कडाडली, "मेथी कशाची ओ? घोळ हाय ती!" आणि सुरूच झाली. ती कुठे उगवते, कशात शिजवायची, कुणी खावी, आणि एका फवाऱ्यात ती कशी जाते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सगळं जन्मभर वाकून ऐकलेलं. दाजी तिच्या पायाखाली उशी सरकवत होते आणि मन लावून ऐकत होते.