अकोल्यातलं न जळलेलं ड्रिल

अकोला स्टेशनवर दादा मला सोडायला आला तेव्हा त्याच्या मिशांत बाभळीचा भुसा होता. तो बैलगाड्या बनवायचा. मी पुण्याला, हातात धरायची विजेची हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात, नमुने तयार करणाऱ्या विभागात रुजू होणार होतो. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. गाडी हलली तसा तो म्हणाला, "काही मोडलं तं इकडे घेऊन येजो. मी आहो."

आमच्या विभागाचा नियम होता: नवं हत्यार आधी मोडायचं, मग विकायचं. कोणता भाग पहिला निकामी होतो ते कळलं की आराखडा बदलायचा. माझ्या पहिल्या ड्रिलचा नमुना मी हट्टानं अकोल्याला नेला. तिथलं ऊन, कमी-जास्त होणारी वीज आणि बाभळीचं लाकूड यांत टिकेल ते कुठंही टिकेल, असं साहेबांना पटवलं. दादाला बजावलं, जळेपर्यंत वापर. वर्षभर त्याची कार्डं येत राहिली: "एकदम मस्त चालते." त्या भरवशावर माल बाजारात गेला.

पहिल्याच उन्हाळ्यात ड्रिलं जळून परत येऊ लागली. मला आराखड्याच्या टेबलावरून उठवून दुरुस्तीच्या बाकावर बसवलं. एक दादाचं ड्रिल तेवढं शाबूत होतं. ते का जळलं नाही, हे शोधायला मी अकोल्याला गेलो.

दादानं कपाटातून लाल फडक्यातलं ड्रिल काढलं. मी ते उघडलं. मोटर चालताना झिजतात ते कार्बनचे तुकडे कोरे होते. हवेच्या फटींत भुसा नव्हता. कुंकू होतं.

"मोडाले देल्ली होती ना मी! काहून नाई वापरली?"

"वापरतो ना. दर खंडेनवमीले पूजा करून चालवतो. सारी गल्ली पाह्याले येते."

"दादा, मोडाले देल्ली होती."

"तुया हातची पयली मशीन मी मोडू? येडा झाला काय बे?" मग तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "बाकीच्या जळल्या म्हनतं. पाह्य, माही तं जळली नाई."

कारखान्यात मी प्रत्येक स्क्रू दोनदा तपासत असे. दादाचा शब्द तेवढा कधी तपासला नव्हता.

ड्रिल त्याच्याकडेच ठेवून परतलो. बाकाविषयी बोललो नाही. मोडलेलं काही घेऊन जावं, असं ते घर आता राहिलं नव्हतं. अजून दसऱ्याला दादाचं कार्ड येतं: नोकरी कशी चालते? मी दुरुस्तीच्या बाकावर बसून उत्तर लिहितो, एकदम मस्त चालते.