ट्यूबवरची मुंगी

आज आम्ही दोन चिता पेटवल्या, आणि माणूस एकच गेला होता.

एका चितेवर बाबा. शेजारच्या छोट्या चितेवर पळसाच्या पानांचा पुतळा. तो बाबांचा धाकटा भाऊ, माझा दिनूकाका.

काका फौजेत होता. महूच्या छावणीतून चीनच्या लढाईवर गेला तो गेलाच. बॉडी मिळाली नाही. तार आली, त्यात फक्त ‘मिसिंग’.

अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग पानांचा पुतळा करून दहन करतात. बाबांनी ते कधीच करू दिलं नाही.

बाबा इंदूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. संध्याकाळी पोरं छत्रीबागेत आमच्या घरी यायची. एकदा विषय निघाला, दिसणारं विश्व केवढं आहे ते मोजायचं कसं.

बाबांनी सायकलची जुनी ट्यूब कापून लांब पट्टी केली. एका टोकाला गूळ चिकटवला, “हे आपण.” दुसऱ्या टोकाला मुंगी सोडली, “हा तिकडून निघालेला प्रकाश.”

दोन पोरं पट्टी हळूहळू ताणत होती. मुंगी गुळापाशी पोचली.

“बोलो भिया, जिथून निघाली ती जागा आता किती लांब?”

“जेवढी ती चालली तेवढी, सर.”

“गलत. ती चालत होती तेव्हा जागा पण मागे सरकत होती ना? म्हणून नुसतं विश्वाचं वय बघून त्याची कड मोजता येत नाही. कड केव्हाच पुढे निघून गेलेली असते.”

मग त्यांनी पट्टी जोरात ताणायला लावली. मुंगी चालतच होती आणि गूळ लांबच जात होता.

“आणि फारच लांबून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येत नाही. कितीही थांबा.”

दिनूकाकाची बायको, माझी काकू, चहा घेऊन दारात उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

“भावजी, निघालेलं कधी ना कधी तर पोचतंच ना?”

ती काय विचारतेय, ते खोलीत सगळ्यांना कळलं. मी लहान होते, मलासुद्धा.

बाबा म्हणाले, “पोचतं, सुशीला. टाइम लागतो बस.”

ती आत गेल्यावर एका पोराने हळूच विचारलं, “सर, पेपरमध्ये काय लिहायचं?”

“पेपरमध्ये, नाही पोचत.”

बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजी विधीचं विचारायला आले. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. विधी झाला असता तर काकूचं कुंकू गेलं असतं.

काकू गेली ती हिरव्या साडीत, ओटी भरून, सवाष्ण म्हणून.

मला वाटलं, आता तरी बाबा सुटतील. कसलं काय. काकूला दिलेलं उत्तर त्यांनी स्वतःच धरून ठेवलं होतं. बेल वाजली की काठी टेकत आधी तेच उठायचे.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये म्हणाले, “माझ्यासोबत दिनूचं पण करून टाक.”

“बाबा, नक्की?”

“नाही पोचत गं.”

बाबा जाणार हे मला माहीत होतं. काकाही जाईल याची तयारी नव्हती. आतून सगळं रिकामं झालंय.

पानं लगेच जळाली. बाबांना वेळ लागला.

बाबा, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.

दिनूकाका, तुलाही. तुझ्या नावापुढे आमच्या घरात हे पहिल्यांदाच लिहिलं जातंय.

आता इथे तुझी वाट बघणारं कुणी नाही.