ध्यानात न दिसलेली बाई

वाटलेल्या ओल्या तांदळाला एक वास असतो. भाताचा नव्हे – भाताच्या कितीतरी आधीचा. थंड, दुधाळ, पाट्याच्या दगडाला स्पर्शून आलेला. त्यात हळद मिसळली, मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्या उन्हाने मलूल होऊ लागल्या, आणि शेजारच्या घरात कुणी सुकट भाजायला घेतली, की जो वास तयार होतो तो मला आजही जागच्या जागी उभे करतो. त्या वासामागे मी एक गोष्ट लपवली. आठ वर्षे ती कुणालाही सांगितली नाही – नवऱ्याला नाही, जिवलग मैत्रिणीला नाही. गेल्या आठवड्यात एकीला सांगितली; ते शेवटी येईल. आता तुम्हांला सांगते आहे. जरा जवळ सरकून बसा.

मी टॅरोचे पत्ते वाचते. सुकापूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीशी एक गोल टेबल आहे. त्यावर निळे कापड, आणि कापडावर समोरच्या माणसाची अस्वस्थ बोटे. त्याआधी, आणि त्याहून मनापासून, मी कवितेत वाढले. त्यामुळे पत्त्यावरचे चित्र मला ओळीसारखे दिसते – काय लिहिले आहे, आणि काय वगळले आहे.

लहान लबाड्या आधी कबूल करू का? जीभ मोकळी होईल. लग्न ठरलेल्या एका भेदरलेल्या मुलीसमोर मृत्यूचा पत्ता निघाला, तेव्हा मी शिंक आल्याचे सोंग करून तो निळ्या कापडाखाली सारला. एका बाईंना पत्ते सांगताहेत म्हणून नोकरी सोडू नका असे बजावले. पत्ते गप्प होते, बोलत होते मी. अशा पुष्कळ आहेत. त्या आठवल्या की हसू येते. पण ही गोष्ट तशी नाही – म्हणजे हिचेही हसू येते, फक्त ते माझ्या बाजूने नसते.

दहा वर्षांपूर्वी शलाकाने आणि मी स्वतःचा टॅरोचा संच करायला घेतला. शलाका चित्रकार, नवीन पनवेलला राहते, आणि बोलते त्यापेक्षा जास्त हसते. जुने पत्ते आम्हांला सलत होते. सिंहासनावर सम्राट, रथात योद्धा, गुहेत संन्यासी – आणि बायका? एक तर विवस्त्र, नाही तर बुरख्यात. “राजाला आपण बिनपगारी रजा देऊ,” शलाका म्हणाली. मग आमच्या पत्त्यांवर बायका येऊ लागल्या. मृत्यूच्या पत्त्यावर सांगाड्याच्या जागी सुईण आली, कारण उंबरठ्याच्या दोन्ही बाजू तिला ठाऊक असतात. संन्याशाचा कंदील एका विधवेच्या हाती गेला. देवीविषयी, स्त्रीच्या अंतर्ज्ञानाविषयी जे मिळेल ते आम्ही वाचले. पेन्सिली झिजेपर्यंत अधोरेखित केले. किती आनंदाचे दिवस होते ते – रंग, चहा, भांडणे, पुन्हा चहा.

एकच पत्ता अडला. पुजारीण.

जुन्या पत्त्यावर ती दोन खांबांच्या मध्ये बसलेली असते. डोक्यावरून पडदा, मांडीवर अर्धवट झाकलेली पोथी, पायाशी चंद्रकोर. अंतर्ज्ञानाचा हा पत्ता. साऱ्या संचाचे मौन त्यात साठवलेले. शलाकाने तो अकरा वेळा काढला. अकराही वेळा ती सोन्याच्या दुकानाची जाहिरात दिसली.

आणि मग मी तिला भेटले.

आमच्या इमारतीतल्या एका बाईंचे माहेर कामोठ्याच्या जुन्या गावात. त्यांच्या भाचीच्या हळदीला मी गेले होते. उंच इमारतींच्या मध्ये दबून बसलेली बारकी गल्ली, गल्लीत मांडव, मांडवात मगाशी सांगितलेला तो वास. आणि एक आवाज – न सजवलेला, उन्हात वाळलेल्या काथ्यासारखा चिवट. ती धवळारीण होती. इकडच्या आगरी घरांत लग्नाची गाणी म्हणणारी ही बाई. तिने धवळे गाऊन देवांना एकेकाला नावाने आवतण दिल्याखेरीज नवरीला हळद लागत नाही. भटजी येतात ते नंतर. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, घट्ट खोचलेला पदर, कोपरापर्यंत ओल्या पिठाने पांढरा झालेला उजवा हात. सकाळपासून ती उभी होती. सूर्याला, समुद्राला, गावदेवीला ती जेवायला बोलावत होती, आणि बोलावण्यात विनंती अशी फारशी नव्हतीच.

मी तिच्याकडे जात राहिले. एकदा आमची रेखाटने घेऊन गेले. ओट्यावर तिने ती पत्त्यांसारखी पसरली आणि एकेकीचा समाचार घेतला.

“सगल्या बसल्यात गो! पाय दुकतान का यांचे?” मग सम्राज्ञीवर बोट: “हिचे घरा जेवान कोन रांदतंय?” मग पुजारिणीपाशी थांबून, “नि ही? तोंड झाकलंय. नवरी हाय का?”

“पुजारीण आहे, मावशी.”

“पुजारीन? आनि बसून? मंग लगीन कोन लावतंय – खांब?”

मी इतकी हसले की ओट्यावरचे वाळत घातलेले बोंबील खाली पडले. पण हसता हसता आत काहीतरी लख्ख झाले. दोन खांब म्हणजे मांडवाच्या दोन मेढी. चंद्र म्हणजे हळदीच्या दिवशी तिच्या पायाशी ठेवलेले पितळेचे ताट. पडदा नाहीच, पदर खोचलेला. पोथी? मी विचारलेच. “पोथी कशाला? इसरते का ती?” मावशीने कपाळावर टकटक केले. आणि मग जे सांगितले ते मी तिच्या ओट्यावर बसून, तिच्या चहाचा पेला हातात धरून ऐकले. तिच्या घरची रीत अशी, की धवळा सुरू करण्यापूर्वी ज्या बाईने शिकवला तिचे नाव घ्यायचे. आधी ते नाव, मग देव. “नाय घेतला, तं गाना चोरीचा.”

ऐकले ना? मीही नीट ऐकले होते.

त्याच संध्याकाळी मी शलाकाकडे गेले. चप्पलही न काढता दारातूनच सांगू लागले – उभी आहे ती, शलाका, उभी! – आणि मेढी, ताट, पिठाचा हात, गोंदणाचे ठिपके, सगळे तिच्यापुढे ओतले. शलाकाने ब्रश खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर असे काही उमटले जे माझ्या कोणत्याही कवितेने तिथे कधी उमटवले नव्हते. हलक्या आवाजात तिने विचारले, कुठे दिसली तुला ही?

“ध्यानात,” मी म्हणाले.

इतकेच. एक शब्द. कुणी मला भाग पाडले नव्हते. कामोठे म्हणायला ध्यान म्हणण्याइतकाच वेळ लागला असता – मग मी ते का म्हटले नाही? त्या चेहऱ्यावरचे ते जे काही होते, ते दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून. दुसरे कारण मी पुष्कळ शोधले. नाही.

एकदा म्हटलेले ध्यान वाढत गेले. संचासोबतच्या पुस्तिकेत ते छापले गेले: ही प्रतिमा कवयित्रीला पहाटेच्या ध्यानात दिसली. कार्यशाळांत मी ते सांगू लागले. कथेला हळूहळू मंद वारा फुटला. मग कमळाचा गंध आला. एकदा तर दूरवर घंटाही वाजली. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत. आणि मी – कवितेत वाढलेली, वगळलेले वाचणारी मी – सुकटीचा वास वगळत होते.

पण अजून मी मूळ गोष्टीपर्यंत आले नाही. पाहा ना, कशी घिरट्या घालते आहे.

संचाच्या प्रकाशनाला मी मावशीला बोलावले होते. हो, मीच. पनवेलमधल्या एका छोट्या सभागृहात, संध्याकाळी. का बोलावले? मला ती आवडत होती म्हणून; खोटे बोलणाऱ्यालाही माणसे आवडतात. ती तिसऱ्या रांगेत बसली – नवे हिरवे लुगडे, मांडीवर माझ्यासाठी आणलेला जवळ्याचा डबा, ज्याचा दरवळ चौथ्या आणि पाचव्या रांगेने मूकपणे सोसला. पडद्यावर पुजारीण आली. मी माईकवरून ध्यान सांगितले, वाऱ्यासकट. टाळ्या झाल्या. मावशीने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

नंतर चहाच्या टेबलाशी आमच्या प्रमुख पाहुण्या माझ्याशी बोलत होत्या. मुंबईहून आलेल्या विदुषी. स्त्रीप्रतिमांवर व्याख्याने देणाऱ्या. पुजारीण हातात धरून त्या म्हणत होत्या, अशी मूळ प्रतिमा क्वचितच कुणाला लाभते. तेवढ्यात मावशी आली. तिने तो पत्ता त्यांच्या हातातून अलगद घेतला – जसे आपले भांडे शेजारणीकडून परत घ्यावे तसे. हनुवटीचे ठिपके मोजले: एक, दोन, तीन. मग स्वतःच्या हनुवटीला बोट लावले. तिचा चेहरा कसा फुलला होता ते मी कसे सांगू? माझ्याकडे वळून तिने विचारले,

“ही मी हाय ना गो?”

पाहुण्या माझ्याकडे पाहत होत्या. शलाकाही पाहत होती. आणि मी शांत, समंजस, थोड्या कौतुकाच्या सुरात – लहान मुलाशी बोलावे तशी – म्हणाले,

“नाही हो मावशी. ते प्रतीक आहे.”

हीच ती गोष्ट. बायकांना त्यांचे चेहरे परत देण्यासाठी आम्ही अठ्ठ्याहत्तर पत्ते रंगवले, आणि एक बाई आपला चेहरा ओळखून समोर उभी राहिली तेव्हा मी तिला सांगितले की ती तू नव्हेस.

मावशीने पत्ता पुन्हा एकदा पाहिला. “आसंल,” म्हणाली. पत्ता पाहुण्यांना परत दिला, माझ्या हातात जवळ्याचा डबा ठेवला आणि कामोठ्याची रिक्षा शोधायला निघून गेली. जवळा मी खाल्ला. उत्तम होता.

त्यानंतर तिने मला दोनदा हळदीचे आमंत्रण पाठवले. दोन्ही वेळा मला ताप होता, असे मी कळवले. संच खपत राहिला. आता नवी आवृत्ती निघते आहे. पुस्तिकेची छपाईपूर्व पाने तपासायला आली, आणि पहाटेच्या ध्यानापाशी माझी पेन्सिल थांबली. हे मी मोठेपणाने सांगत नाही – तीच पाने आधीच्या आवृत्त्यांच्या वेळी तीनदा मी न थांबता तपासली होती. ओळ खोडली. तिच्या जागी एक नाव लिहिले.

आणि आत्ता लक्षात येते आहे – इथवर येऊनही ते मी तुम्हांला सांगितलेले नाही! मावशी, मावशी म्हणत राहिले. रीत तर आधी नाव घेण्याची आहे. मी तीही मोडली. तिचे नाव हिराबाई. तिला ज्यांनी शिकवले त्या चांगुणाबाई. पुजारीण कशी उभी राहते हे मला हिराबाईंनी शिकवले.

गेल्या आठवड्यात, दुपारी, मी तिच्या घरी गेले. गल्लीच्या टोकाला आणखी एक इमारत उभी राहिली आहे, पण ओटा तोच. हिरामावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, परातीत वाटलेल्या तांदळात हात घालून पिठाच्या गुठळ्या मोडत होती. मला पाहून तिला जराही नवल वाटले नाही.

“ये गो. बघ, गुडगं जेलं, आता मी पन बसूनच गाते. तुज्या बायांसारकी.”

आठ वर्षांनी. कालच भेटल्यासारखी.

मी बसले नाही. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये मला सोडून गेली. पिशवीतून पत्ता काढला, तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, मावशी, ध्यानात काहीच दिसले नव्हते. ही तुम्ही आहात. तेव्हाही तुम्हीच होता, आणि मला ते ठाऊक होते. मी सगळ्यांपुढे खोटे बोलले.

तिने ओल्या हाताने पत्ता घेतला. कडेला अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. तोच वास – थंड, दुधाळ – माझ्या नाकाशी आला. एवढ्यात तिची सून चहा घेऊन बाहेर आली, सासूच्या खांद्यावरून वाकली आणि ओरडलीच, “अगो आय, ही तं तुमीच!”

हिरामावशीने सावकाश मान हलवली. नाही. मग सुनेकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले; ओठ घट्ट मिटलेले, पण हसण्याने सगळे पोट हलत होते. आणि शांत, समंजस, थोड्या कौतुकाच्या सुरात – अगदी माझ्याच सुरात, माझ्या त्या शब्दाचे एकही अक्षर न हलवता – ती मला म्हणाली,

“प्रतीक.”