अप्पांची चकली

माझे सासरे अप्पा यांनी पहिल्या भेटीत मला पगार विचारला नाही. मुलगी बघायला आम्ही नवीन पनवेलला त्यांच्या घरी गेलो होतो. पोह्यांच्या बशा हातात आल्या होत्या, माझे वडील घसा खाकरून मूळ विषयावर यायच्या बेतात होते, आणि अप्पांची नजर माझ्या खिशाखालच्या शाईच्या डागावर गेली. "याला काय लावता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. तसाच घालतो." अप्पा वडिलांकडे वळून म्हणाले, "मुलगा खोटं बोलत नाही. मला पसंत आहे." मग त्यांनी आतून दही मागवलं आणि सगळ्यांदेखत माझ्या छातीवर चोळलं. डाग रुपयाएवढा होता, तो बशीएवढा झाला. "वाळला की निघेल. साधी गोष्ट आहे," अप्पा म्हणाले. तो शर्ट पुढे आमच्या घरी फरशी पुसायला होता.

अप्पा मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून तिसऱ्या मजल्यावर घर घेऊन राहिले. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नळाला पाणी लहर लागेल तेव्हा येई, गॅसचा सिलिंडर नंबर लावून मिळे, आणि डोकं चालवायला माणसाला भरपूर वाव होता. अप्पांनी तो सगळाच्या सगळा घेतला. मुंग्या आल्या की ते हळदीची रेघ ओढत. मुंग्या रेघेच्या कडेने वळसा घालून साखरेपर्यंत जात, आणि अप्पा म्हणत, "बघा, रेघ ओलांडली का एकीने तरी?" पालीसाठी त्यांनी भिंतीवर मोरपीस लावलं होतं. पाल त्या मोरपिसाच्या मागे राहत असे.

विचुंब्याहून एक बाई भाजीची पाटी घेऊन यायची. कोथिंबीर आठवडाभर ताजी कशी ठेवायची, हे अप्पांनी तिला पायरीवर बसवून सविस्तर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाटी डोक्यावर चढवली. "बाबा, आमी भाजी इकतो. सांबालून ठेवाची आमाला गरज नाय," असं म्हणून ती पुढच्या जिन्याला लागली. अप्पांनी मला सांगितलं, "नवीन गोष्ट पटायला वेळ लागतो."

पण अप्पांचं खरं राज्य दिवाळीत असे. त्यांचा सिद्धांत असा होता, की चकलीच्या भाजणीत कडकडीत तेलाचं मोहन घालणं हा बायकांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेला अपव्यय आहे. त्याऐवजी माठातलं गार पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालावा. "यात शास्त्र आहे. उगाच नाही सांगत," ते म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दिवाळसणासाठी गेलो, तेव्हा अप्पांनी बाह्या सरसावून माझ्यासमोर भाजणी भिजवली, परात माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पुढे सरकवली आणि "आता फक्त तळायचं काम राहिलं," असं म्हणून वामकुक्षीला गेले. उठले तेव्हा चकल्या तयार होत्या. काटेरी, खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळणाऱ्या. मी मनापासून थक्क झालो. इतक्या थोर माणसाच्या हळदीच्या रेघेला आपण मनात हसलो, याची मला लाजही वाटली.

संध्याकाळी जेवायला थालीपीठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही थालीपीठ. अप्पा म्हणाले, "आमच्याकडे दिवाळीच्या आधी थालीपीठ खायची परंपराच आहे." माझ्या बायकोला, शैलाला, मी विचारलं की ही परंपरा कुठली. तिने मला गच्चीवर नेलं आणि सांगितलं. अप्पा झोपले की माई त्यांचं भिजवलेलं पीठ बाजूला काढत, मोहन घालून स्वतःचं भिजवत आणि चकल्या करत. अप्पांच्या पिठात कांदा-कोथिंबीर पडून त्याची थालीपिठं होत. अशी परंपरा पडली होती.

मी म्हणालो, "अगं, पण ही फसवणूक आहे."

"अहो, हा संसार आहे," शैला म्हणाली. "आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही."

नंतर कळलं, की सगळ्या बिल्डिंगच्या बायकांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुरुषांना. अप्पा दिवाळीत फराळाची ताटं स्वतः पोहोचवत आणि प्रत्येक दारात चकलीमागचं शास्त्र सांगत. खालच्या मजल्यावरचे प्रधान ते ऐकून घरात शिरत आणि बायकोला म्हणत, "बघ, शीक जरा." त्यामुळे पुढच्या वर्षी प्रधानांकडेही गार पाण्यात भाजणी भिजे, आणि प्रधानांकडेही थालीपिठं होत. दिवाळीच्या आधी त्या जिन्यात खमंग वास सुटे. आपल्या बिल्डिंगमध्ये एकी आहे, असं पुरुष म्हणत.

तिसऱ्या वर्षी मात्र पंचाईत झाली. शैलाच्या मोठ्या बहिणीचं दुसरं बाळंतपण ऐन दिवाळीत आलं, आणि माई नाशिकला गेल्या. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. "श्रीकांतराव, पीठ भिजवून झालं की त्यांना घेऊन बाहेर पडायचं. तळ्यापाशी न्या, कुठेही न्या. दोन तास लावा. बाकीचं शैला बघेल. एवढं कराल ना?" मी हो म्हणालो. त्या मला जावई म्हणून नव्हे, घरातला माणूस म्हणून काम सांगत होत्या. गाडी सुटेपर्यंत त्या माझ्याकडे काळजीने बघत होत्या. त्यांना माझा स्वभाव माहीत होता.

पीठ भिजलं. मी म्हणालो, "अप्पा, जरा तळ्यापर्यंत जाऊन येऊ या का?"

"घरात ही नाही," अप्पा म्हणाले, "आणि मी तळ्यावर हवा खाऊ? आज तळायचंही मीच बघतो. ती आली की तिला सांगता येईल, तुझ्यावाचून काही अडलं नाही म्हणून."

"तुम्ही पडा ना थोडं," शैला म्हणाली.

"झोप कुठे येते आहे," अप्पा म्हणाले. माई गेल्यापासून त्यांना दुपारची झोप लागत नव्हती. ही गोष्ट आमच्या कटात कोणी धरली नव्हती.

त्यांनी स्वतः सोऱ्या भरला, स्वतः चकल्या पाडल्या. तेलात पडल्याबरोबर त्या फसफसून फुगल्या, भरपूर तेल प्यायल्या आणि मग दमल्यासारख्या खाली बसल्या. अप्पांनी एक उचलून मोडायचा प्रयत्न केला. ती मोडली नाही, वाकली. त्यांनी ती खाल्ली. बराच वेळ खात होते. मग दुसरी माझ्यापुढे धरली.

"श्रीकांतराव, तुम्ही खोटं बोलत नाही. कशी झाली आहे?"

शैलाने माझ्या पायावर पाय दिला. मी चकली चावली. चावतच राहिलो. "कशी झाली आहे?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

"वातड," मी म्हणालो.

"मग दरवर्षीची?"

शैला गॅस बंद करायला वळली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. अप्पा परातीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे थालीपिठं..." आणि थांबले. त्यांनी सोऱ्या धुतला, पुसला, फळीवर ठेवला. त्या दिवाळीत ताटं शैलाने पोहोचवली.

आयुष्यात मी पुष्कळदा चुकलो आहे, पण माझ्या खरं बोलण्याने एखादा माणूस इतका लहान झालेला पाहिला नव्हता. अप्पांनी युक्त्या सांगणं बंद केलं. हळदीची रेघ पुसली गेली आणि दुकानातली मुंग्यांची पावडर आली. प्रधानांनी विचारलं, "अप्पा, उंदरांवर काही आहे का हो?" अप्पा म्हणाले, "पिंजरा मिळतो बाजारात." माई येईपर्यंत शैला तिथेच राहिली होती; प्रधान वर येऊन तिला विचारून गेले, की अप्पांची तब्येत बरी आहे ना.

माई परत आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. मी समोर गेलो तर पिशवीही खाली न ठेवता म्हणाल्या, "खरं बोलायला तुम्हाला माझ्याच घरचा मुहूर्त सापडला का?" मी मान खाली घातली. त्यांनीच मग पाणी दिलं. म्हणाल्या, "कचेरीत तीस वर्षं त्यांचं कोणी ऐकलं नाही हो. घरी येऊन सांगायचे, मी ऐकायचे. आता कोणाला सांगतील?"

महिनाभर माईंनी सगळे उपाय केले. दुधाचं भांडं मुद्दाम करपवलं, लोणच्याला बुरशी आली म्हणून मोठ्याने हळहळल्या. अप्पा वर्तमानपत्र वाचत राहिले.

संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा माई तिळगुळाचा पाक करत होत्या. त्यांच्या हातचा लाडू म्हणजे ओठांनी तुटेल असा. कढईत गूळ फेसाळला. खाली उतरवायची वेळ झाली, हे मलासुद्धा कळलं. माई झारा हातात धरून उभ्या राहिल्या आणि बाहेर बघत म्हणाल्या, "अहो, हा पाक झाला का हो?"

वर्तमानपत्र हललं नाही. गूळ रटरटत होता.

"मला नाही कळत. या ना जरा."

अप्पा उठले. दारात उभं राहून त्यांनी कढईकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं. घसा साफ केला. "उकळू दे अजून. जास्त उकळला की जास्त टिकतो."

"आई!" शैला ओरडली.

"तू गप्प बस. ते सांगताहेत ना."

आणि माईंनी खरोखर पाक उकळू दिला. काळा होईपर्यंत. आम्ही चौघांनी बोटं भाजत लाडू वळले. ते ताटात पडताना खडखड वाजत होते. अप्पांनी पहिला तोंडात टाकला. कट् असा आवाज झाला. त्यांनी गालावर हात ठेवला आणि या वेळी मला नाही, माईंना विचारलं, "कसा झाला आहे?"

"दगड झाला आहे," माई म्हणाल्या.

अप्पा माईंकडे बघत राहिले. "मग आता?"

"आता काय? चोखा. मी काही दुसरे करणार नाही."

अप्पांच्या तोंडात लाडू होता, म्हणून ते हसले ते आधी आम्हाला कळलंच नाही. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं. मग माईही हसल्या, डोळ्यांना पदर लावून. थोड्या वेळाने अप्पांनी डबा भरला, चपला घातल्या आणि ते खाली उतरले. प्रधानांचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कित्येक आठवड्यांनी अप्पांचा आवाज जिन्यातून वर आला.

"चावू नका हो प्रधान. चोखायचा. एकच लाडू दिवसभर पुरतो."