सांगलीत जागा बघायला आम्ही दोघी

पाटणहून पहिली गाडी सुटली तेव्हा खिडकीशी आत्याबाई (आमच्याकडे सासूला असंच म्हणतात) बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत भाकऱ्या, लसणीची चटणी, एक लुगडं आणि पितळेचं एक फुलपात्र. भाकऱ्या आणि लुगडं समजण्यासारखं होतं. फुलपात्र कशासाठी घेतलंय तेही मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी कराड येईपर्यंत देवाला एकच मागत होते, की ते चारचौघांत बाहेर काढायची बुद्धी त्यांना होऊ देऊ नको.

ह्यांची सांगलीला बदली झाली होती, तीही बढतीवर. रजा मिळेना, म्हणून मुलांना ह्यांच्या ताब्यात देऊन जागा बघायला आम्ही दोघी निघालो होतो. अडचण जागेची नव्हती, आत्याबाईंची होती. आमच्याकडच्या मोठ्या भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्या पहाटे त्यांची धाकटी जाऊ दगडी भिंतीखाली गेली, आणि तेव्हापासून आत्याबाई एक रात्र घरात झोपल्या नाहीत. अंगणात चार वासे रोवून त्यावर गवत टाकलेलं, त्याखाली त्यांचं अंथरूण. उशाशी काठोकाठ भरलेलं फुलपात्र. पाणी हलून अंगावर सांडलं की उठायचं आणि सगळ्यांना उठवायचं. सुरुवातीला आमच्याकडे घरोघरी असं काहीतरी होतंच. कुणी भांड्यावर भांडं रचून ठेवी, कुणी आढ्याला घंटा बांधी. पुढे लोकांनी ते सोडलं. आत्याबाईंनी सोडलं नाही.

ह्यांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईच्या मनाला येईल अशी जागा मिळाली तर जाऊ. नाहीतर बढती परत करतो. तिला एकटीला टाकून मी जायचा नाही." बोलणं बरोबरच होतं. पण मला सांगलीला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, आणि माझं सांगलीला जाणं आता एका फुलपात्रावर येऊन ठेपलं होतं.

कराडला गाडी बदलली. दिवस थंडीचे होते. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता असा अडवला होता की आमचा ड्रायव्हर पेठपर्यंत शिव्या देत होता आणि इस्लामपूरपर्यंत त्याच्या शिव्या संपल्या. तिथे स्टँडवर चहा घेतला. शेजारी एक पटकेवाले म्हातारबा येऊन बसले.

"कुनीकडं निघालाय म्हनायचं?"

"सांगलीला. घर बघाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मग माडीवरचं बघा. कृष्णामाई चढली की खालच्या घरात चूल पेटत न्हाई."

"आनि जमीन हलली की माडीवरनं उतरायचं कसं?"

"आता जमीन काय रोज हलतीया व्हय?"

"मग पानी तरी कुठं रोज येतंय?"

म्हातारबांनी बशीतला चहा एका घोटात संपवला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. सांगलीची माणसं घर बघताना पुराचं पाणी बघतात आणि आमच्या आत्याबाई बघतात डोक्यावरचं आढं. ह्या दोघांचा मेळ बसायचा कसा?

पुलावरून गाडी गावात शिरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खाली कृष्णा इतकी शहाण्यासारखी वाहत होती, की ही बाई पावसाळ्यात लोकांच्या चुली विझवते हे खरं वाटेना. पलीकडे घाट, देवळांची शिखरं, धुणी वाळत घातलेली. माझ्या मनात आलं, आपण इथं राहणार. लगेच दुसरं मन म्हणालं, थांब जरा.

गावभागात माझी मावसबहीण शकू राहते. तिच्या शेजारची माडी रिकामी होती आणि आम्ही तीच घ्यावी असं तिनं आमच्या आधीच ठरवून टाकलं होतं. जिन्याशी तिनं भिंतीवरची पुराची खूण दाखवली. "इथवर पाणी आलं होतं बघा मावशी. वर एक थेंब नाही!" आत्याबाईंनी खुणेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मान वर करून तुळया बघत होत्या. मग व्हायचं तेच झालं. त्यांनी फुलपात्र काढलं, शकूकडून काठोकाठ भरून घेतलं, खोलीच्या मधोमध ठेवलं आणि समोर बसल्या. खालच्या बिऱ्हाडात कुणीतरी मिरच्या कांडत होतं. पाण्यावर बारीक वलयं उठली.

"हललं," आत्याबाई म्हणाल्या.

शकू पदर तोंडाशी धरून आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज आम्हां दोघींनाही ऐकू आला. माडीचा विषय तिथेच संपला. शकूनं संध्याकाळी भडंग आणि चहा छान केला, पण आत्याबाईंनी रात्र दारापुढच्या कट्ट्यावरच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विश्रामबागेत गेलो. तिकडे तेव्हा नवे बंगले उठत होते. मोकळी हवा, रुंद रस्ते, पूरबिर काही नाही. एका निवृत्त मास्तरांकडे मागची जागा द्यायची होती. मास्तर बनियनवर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते आम्हाला आत घेऊन गेले आणि वरच्या स्लॅबचं कौतुक सांगू लागले. सिमेंट किती, लोखंड किती. आत्याबाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं, न्हाणीतून पाणी आणलं आणि फुलपात्र फरशीवर ठेवलं. मास्तर बोलतच होते. तेवढ्यात पाणी थरथरलं. मग खिडकीचं तावदान वाजलं.

"भाईर! भाईर पळा!" आत्याबाई ओरडल्या आणि दिसेल तो हात धरून धावत सुटल्या. तो हात मास्तरांचा होता. अंगणात येऊन त्या थांबल्या तेव्हा अर्ध्या गालाला साबण लावलेले मास्तर त्यांच्या मुठीत होते, आणि पलीकडून आगगाडीची शिटी झाली.

"आजी, मिरजेची गाडी आहे ही," मास्तर धापा टाकत म्हणाले. "रोज जाते."

"रोज हलतं ह्ये घर?"

कुंपणापलीकडे पाच-सहा शेजारी जमले होते. ते खो खो हसायला लागले. मास्तर बिचारे भले, ते हसले नाहीत. पण आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. फुलपात्र मी आतून आणून दिलं, तेव्हा त्यातलं पाणी त्यांनी तुळशीला ओतलं, भांडं पदरानं कोरडं केलं आणि पिशवीच्या तळाशी, लुगड्याच्या खाली घातलं.

रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "सुमन, तुमी या हितं ऱ्हायला. लेकरास्नी घिऊन या. मी पाटनलाच बरी हाय. माझ्यापायी त्येचं नुकसान नगं."

मला कालपासून हेच हवं होतं असं कुणी म्हणेल. पण ते ऐकून मला बरं वाटलं नाही. हसणाऱ्यांचा असा राग आला की मागे जाऊन एकेकाला भूकंपाची पहाट सांगावी. सांगितली नाही. नुसतं म्हणाले, "बघू."

"आलोच हाय तर हरिपूरला संगमेश्वराच्या पाया पडून जाऊ," त्या म्हणाल्या. म्हणून टांगा केला. टांगेवाले चाचा वयस्कर होते, घोडा त्यांच्याहून वयस्कर. हरिपूरचा रस्ता दुतर्फा झाडांचा, सावलीचा. गावाबाहेर आल्याबरोबर हवेत ओल्या मातीचा वास आला. कृष्णा आणि वारणा भेटतात तिथे आत्याबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. देवाला काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

परतताना चाचांनी घोड्याला पाणी दाखवायला एका घरापुढे टांगा थांबवला. बैठं कौलारू घर, पुढे मोठं अंगण. आम्ही आत पाऊल टाकतोय तोच एक बाई हात वर करून आल्या.

"थांबा, थांबा! तिकडं जाऊ नगा. पेव उघडलंय."

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढी पोकळी. अंगणाच्या कोपऱ्यात त्याच्या तोंडावरचा दगड काढून ठेवला होता आणि दोन गडी बाजूला विडी ओढत बसले होते. त्या बाई, गोदूकाकी त्यांचं नाव, दोरीला पेटता कंदील बांधून तो हळूहळू आत सोडू लागल्या. गड्यांनी विड्या विझवल्या. दोरी संपत आली तशा त्या पेवाच्या तोंडाशी ओणव्या झाल्या.

"ह्ये काय करता?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत वाईट हवा आसती. कंदील जळत ऱ्हायला तर मानूस उतरायचं. इझला तर न्हाई. मग दुपारी परत सोडायचा."

"दर टायमाला?"

"दर टायमाला. सासूबाईपासनं हीच रीत."

आत्याबाई जरा पुढे सरकल्या. "लोकं हसत न्हाईत?"

"हसाय काय झालं? जीव काय रस्त्यावर पडलाय?"

कंदील जळतच वर आला. गडी दोर धरून आत उतरला. आणि आत्याबाई मला काही न विचारता सोप्यावर जाऊन बसल्या, पिशवीच्या तळात हात घातला आणि फुलपात्र बाहेर काढलं. ते कशासाठी, हे त्यांनी गोदूकाकींना दोन वाक्यांत सांगितलं. त्यात जावेचं नावही आलं. गोदूकाकी उठल्या, आतून तांब्या आणला आणि फुलपात्र आपल्या हातानं काठोकाठ भरलं. मग दोघी त्याच्यापुढे बसून राहिल्या. रस्त्यावरून हळदीनं लादलेली गाडी गेली. पाणी हललं नाही.

"पर तुमची जमीन तर पोकळ हाय," आत्याबाई म्हणाल्या. शंका अचूक होती.

"तुमच्याकडं भूकंप झाला तवा हितं मांडणीवरची भांडी पडली," गोदूकाकी म्हणाल्या. "आमी पयलं धावलो ते पेवाकडं. त्येला तडा गेला की आत वल शिरती आनि सगळी हळद सडती. मातीनं लिंपून गप बसलो. उघडलं तवा हळद कशी ठनठनीत! ही जागा हलत न्हाई बाई, आनि पानी बी हितवर येत न्हाई. ईत आसतं तर आमच्या सासऱ्यानं हितं पेव काढलं आसतं का?"

गड्यानं वर दिलेल्या टोपलीतलं एक हळकुंड त्यांनी आत्याबाईंच्या हातात ठेवलं. आत्याबाईंनी ते मोडलं. कट्ट आवाज झाला, आणि आत केशरी रंग. त्यांनी वास घेतला, मला दिलं.

गोदूकाकींच्या मुलाची फौजेत नोकरी, सून त्याच्याबरोबर तिकडेच. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. "कुनी बोलायला तरी हुईल," म्हणून त्या द्यायला तयार झाल्या. विचारायचं धाडस मी केलं, पण शब्द दोनच बोलले असेन. बाकीचं आत्याबाईंनीच ठरवलं, अंगणात बाज कुठे टाकायची तेसुद्धा. मग गोदूकाकींनी जेवायला बसवलं. कृष्णाकाठचं भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, दही. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

जेवण झाल्यावर मी गोदूकाकींबरोबर आड बघायला मागे गेले. परत आले तर आत्याबाई सोप्यावर दिसेनात. बाहेर नाहीत, टांग्याजवळ नाहीत. मग पुढच्या खोलीत डोकावले. हात उशाला घेऊन, भिंतीकडे पाठ करून त्या गाढ झोपल्या होत्या. डोक्यावर वासे, वाशांवर कौलं. आणि त्या घोरत होत्या.

मी उंबऱ्यातच बसले. रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. चाचा घोड्याचा लगाम धरून अंगणात आले.

"उठवू नका बेटा," ते म्हणाले. "आमच्या घोड्याला काय घाई हाय?"

आमची ठरवलेली गाडी चुकली. पुढची मिळाली. कराडपर्यंत उभ्यानं यावं लागलं तरी मी कुरकुरले नाही. नव्या शहरात जाताना लोक नळ बघतात, शाळा बघतात, बाजार किती लांब ते बघतात. बघावंच. पण आपल्या मनातली भीती जिथे हसण्यावारी नेत नाहीत, अशी आळी मिळाली तर मी म्हणेन, नळाला पाणी दोन तास कमी आलं तरी चालेल.

पाटणच्या स्टँडवर हे वाट बघत उभे होते. मी उतरता उतरता सांगायला लागले, दोन खोल्या आहेत, आड आहे, मुलांना शाळेला जरा चालावं लागेल. ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आईकडे बघत होते.

"कशी हाय जागा, आई?"

"झोपले रं मी," आत्याबाई म्हणाल्या. "घरात झोपले."

ह्यांनी बाहीनं डोळे पुसले. आईच्या हातातली पिशवी घेतली, मान खाली घातली आणि घराच्या अगदी उलट्या दिशेला झपझप चालायला लागले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना हाक न मारता त्यांच्या मागे निघालो.