आगाथाबाईच्या ताटातलं

मी महाडकडच्या कापडे गावचा. चौथी शिकलेला, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. करणी, भूत, अंगात येणं... असलं कुणी सुरू केलं की मी उठून जायचो. अजून जातो. पण हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

कोकण रेल्वे नवी होती तेव्हाची गोष्ट. बायकोला, पार्वतीला, छातीचा कॅन्सर झाला. मुंबईत डावी बाजू कापली, पण जखम भरली नाय. वास मारायची. सुनेनं तिची खाट गोठ्यात टाकली. म्हणाली, म्हशीला वासाचं काय पडलंय. मग मीही गोठ्यातच झोपायला लागलो.

पट्टी बदलायला महाडहून मिशनची सिस्टर यायची. वसईची, आपल्यासारखी मराठी बोलायची. तिनं एक तसबीर दिली — पोरगी उभी, हातात ताट, ताटात दोन पांढरे मोदक. आम्हाला तरी मोदकच वाटले. पार्वतीनं हट्टानं तसे दोन करायला लावले नि तसबिरीपुढं ठेवले. सिस्टरनं बघितलं नि तोंडच फिरवलं. मग सांगितलं. ही आगाथा, फार जुन्या काळातली. सुभेदारानं लग्नाला मागणी घातली तर नाय म्हणाली, आपला देव सोडायला नाय म्हणाली, म्हणून त्यानं तिची थानं कापली. ताटात तीच हायत. मग तुरुंगात एक म्हातारा आला नि तिला बरी करून गेला.

पार्वती कितीतरी दिवसांनी हसली. "म्हंजे माझ्यातलीच हाय गो ही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गोठ्याच्या दारात दोरी वळत बसलेलो. दार एकच. आतून तिची हाक आली, "अवो, त्या म्हाताऱ्याला पाणी तरी द्या. तसाच चाललाय."

आत कुणी नाय. पट्टी सोडून, घडी घालून ठेवलेली. आणि छातीवर कातडी... कोरी. टाक्याचा वणसुद्धा नाय. महाडच्या डॉक्टरनं परत परत बोट फिरवलं, विचारलं, ऑपरेशन हिचंच झालं ना?

पार्वती घरात आली, चुलीपुढं बसून जेवली. सून मान खाली घालून वाढायची. थोडेच दिवस. मग दुखणं हाडांत शिरलं. पाठीखाली निखारे पसरलेत म्हणायची. ओरडून आवाज गेला, मग नुसतं तोंड उघडायचं. तशीच गेली.

सिस्टर भेटायला आली तेव्हा विचारलं, बरी झाल्यावर आगाथाचं काय झालं? ती पिशवी उचलून निघाली. मी सोडलं नाय.

"निखाऱ्यांवर लोळवली, काका. त्यातच गेली."

हे तिनं पार्वतीला कधी सांगितलंच नव्हतं.

"मग आधी बरी कशाला केली?"

मला आजवर कळलं नाय. शेवटची आंघोळ घालताना शेजारणी त्या कातडीवर हात फिरवून बघत होत्या — जिवंतपणी गोठ्याकडं न फिरकलेल्या. पोरीची असावी तशी होती. तशीच मी पेटवली.